डाव्या भिंतीचं रेलिंग

३ फेब्रुवारी, मंगळवार

काल मी जिन्यावरून पडलो नाही. घरात तसा बोभाटा झाला आहे म्हणून पहिल्याच दिवशी हे लिहून ठेवतो. उतरताना जिना संपला असं समजून मी पाय पुढे टाकला आणि अजून एक पायरी शिल्लक होती. त्यामुळे मी खाली बसलो. बसणं आणि पडणं यांत फरक आहे. खिशातला खडू मोडला, कोपर जरा खरचटलं, बाकी काही नाही. दोष गवंड्याचा आहे. शेवटची, म्हणजे चौदावी पायरी त्याने बाकीच्यांपेक्षा पाऊण इंच बुटकी केली आहे. मी टेप लावून पाहिली. तीस वर्षं ही पायरी गप्प होती, काल तिला काय झालं कोणास ठाऊक.

मी रोज थोडं लिहीत जावं असा लेकीचा आग्रह आहे. दुकान बंद करून घरी बसल्यापासून मी फार बोलतो म्हणे. नवी डायरी आणायची गरज नव्हती. दुकानातल्या मापाच्या कोऱ्या वह्या उरल्या आहेत, त्यांतलीच ही एक. मागच्या बाजूने हिची मापं चालू आहेत, पुढच्या बाजूने आजपासून मी. पानावर छापील रकाने आहेत: उंची, छाती, कंबर, खांदा, बाही, गळा आणि शेवटी ट्रायल. मी त्यांच्यावरून आडवं लिहितो आहे. त्यामुळे माझं सगळं म्हणणं सध्या छाती आणि कंबर यांच्या मध्ये चाललं आहे.

ही म्हणजे माझी बायको. माप मी घ्यायचं, आकडा मोठ्याने म्हणायचा आणि तो हिने लिहायचा, ही आमची सत्तेचाळीस वर्षांची पद्धत. कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढला, त्याने हात वर-खाली करून पाहिले, की शेवटच्या रकान्यात मी माझ्या हाताने 'बसलं' असं लिहितो. त्याशिवाय आमच्याकडून कपडा बाहेर गेलेला नाही. हल्ली कापताना मापं वाचूनही हीच दाखवते, कारण तिचं अक्षर फार बारीक यायला लागलं आहे. मी तिला तसं बोललो. "हो, आताशा येतं खरं," म्हणाली. चूक कबूल करण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

हिचा गुडघा दुखायला लागला. अगदी अचानक. सकाळी ओल्या चादरींची बादली घेऊन तरातरा गच्चीवर गेली होती. मग लेकीचा फोन आला, तो स्वयंपाकघराचं दार लोटून अर्धा तास चालला, आणि बाहेर आली ती लंगडतच. म्हणाली, धरायला काही नसेल तर मला आता जिना जमायचा नाही. कोणता गुडघा म्हणून विचारलं तर जरा थांबून उजवा म्हणाली.

आमचा जिना दोन भिंतींच्या मधून सरळ वर जातो. धरायला काही नाही, कारण बांधला तेव्हा आम्हांला कोणाला धरायची गरज नव्हती. मी म्हणालो, त्यात काय, रेलिंग बसवू. तर "तुम्ही म्हणाल तसं," असं म्हणाली. हे वाक्य मी याआधी तिच्या तोंडून बहुधा लग्नाच्या वर्षी ऐकलं असेल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

लेक रजा काढून आली आणि हिचा गुडघा दाखवायला आम्हांला दोघांना दवाखान्यात घेऊन गेली. गुडघ्याचे डॉक्टर नेमके सुट्टीवर निघाले. मग आलोच आहोत तर बाबांचे डोळे दाखवू, असं तिच्या मनात आलं. डोळ्यांची वेळ मात्र बरोबर मिळाली, रांगही नव्हती.

डॉक्टर पोरसवदा आहे. एका यंत्रात डोकं घालून, ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाला. मला बरेच ठिपके दिसले नाहीत, पण ते त्याने दाखवलेच नसतील. काचबिंदू आहे म्हणाला, मोतीबिंदू वेगळा आणि हा वेगळा, गेलं ते परत येत नाही, आहे ते थेंबांनी राखायचं. डाव्या बाजूचं आणि खालचं कमी दिसतं, असंही काहीसं सांगत होता. मी म्हटलं, बाळा, पन्नास वर्षं मी समोरच्या टाक्याकडे पाहिलं आहे, कडेला बघायला मला सवड कुठे होती? तो हसला. लेक हसली नाही.

सकाळ-संध्याकाळ थेंब. ही बाटली घेऊन माझ्या मागे फिरते. गुडघा दुखत असूनही चपळाई आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

आज लेकीने गंभीर विषय काढला. महिनाअखेरपर्यंत जिन्याला नीट रेलिंग बसलं आणि तिने ते स्वतः पाहिलं, तर ठीक. नाहीतर वरच्या खोलीला कुलूप आणि माझं मशीन खाली हॉलमध्ये. "मला रोज ऑफिसात बसून जिन्याचा विचार करायचा नाहीये, बाबा," म्हणाली. आईची काळजी आहे पोरीला.

मी तिला कापणीच्या टेबलाची आठवण करून दिली. आठ फुटांचं टेबल आहे, ते मी वरच्या खोलीतच बांधून घेतलं. दारातून ते निघत नाही. मशीन कुठेही ठेवता येईल, पण टेबल गेलं तर कापड कशावर पसरू, जेवणाच्या ताटांवर? दुकान बंद केलं तेव्हा लोक म्हणाले, आता मास्तर खचणार. मी खचलो नाही, कारण वर ते टेबल होतं. दहा-बारा जुनी गिऱ्हाइकं अजून येतात. मी कापतो, शिवतो, ही खिडकीत बसून काज-बटण करते. रोज सकाळी माझ्या आधी वर जाऊन बारा सुयांमध्ये दोरे ओवून उशीला टोचून ठेवते. तिला सवय आहे. ती वर आली नाही तर मी एकट्याने तिथे बसून काय करू, हे मला खरंच कळत नाही. वीस दिवस आहेत.

११ फेब्रुवारी, बुधवार

रेलिंग पसंत करायला बाजारात गेलो. दुकानाच्या भिंतीवर हातहातभर तुकडे लावून ठेवले होते: स्टीलचे, लोखंडाचे, लाकडाचे, प्लॅस्टिक गुंडाळलेले. दुकानदार प्रत्येकाला 'लेटेस्ट' म्हणत होता. स्टील चकचकीत, पण हात लावला की इस्पितळात आल्यासारखं वाटतं. चौकोनी लाकूड दिसायला छान, धरायला कोपरे टोचतात. मी हिला एकेक धरून बघायला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हीच धरा ना. तुमच्या हाताला कळतं."

ते खरं आहे. कापड अंधारात चिमटीत धरलं तरी मी त्याचं पोत सांगतो. मग मी डोळे मिटून सगळे तुकडे पकडले. गोल लाकडी दांडा, खालून भिंतीच्या बाजूला बोटं आत जातील अशी खाच असलेला, हातात घेतला आणि मूठ आपोआप मिटली. दुकानदाराने विचारलं, कोणाच्या मुठीचा घ्यायचा, दोन जाडींत येतो. मी हिच्याकडे बोट करणार तोच ही म्हणाली, ह्यांच्याच मुठीचा द्या. हिची मूठ केवढीशी! पण दुकानात वाद नको म्हणून बोललो नाही.

येताना फुटपाथवर कोणीतरी मूर्खासारखी डावीकडे सायकल लावली होती. धडकलो. ही तेव्हापासून माझ्या डाव्या बाजूने चालली. सावली हवी असेल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सुतार येऊन गेला. चांगला उंचापुरा, कानामागे पेन्सिल, आणि कशालाही उत्तर एकच: बघू. रविवारपर्यंत होईल का? बघू. भिंत धरेल का? बघू. चहा घेणार का, तरी बघू, आणि घेतला. मी त्याचं नाव बघूसाहेब ठेवलं आहे.

जिन्याचं माप घ्यायला परवा येतो म्हणाला. हे मला लागलं. मी म्हटलं, बाबा रे, मी श्वास घेणाऱ्या माणसांची मापं घेतली आहेत, माप देताना पोट आत ओढणाऱ्यांची घेतली आहेत. जिना तर जागचा हलत नाही. माप मी देतो, तुम्ही कापा. तो म्हणाला, "बघू, मास्तर. मापाची जबाबदारी तुमची मग." मी म्हटलं, माझी.

१४ फेब्रुवारी, शनिवार

माप घेतलं. टेपचं एक टोक ही वर धरून उभी, दुसरं मी खाली. जुने दिवस आठवले. आकडे मी म्हणालो, हिने लिहिले.

उंचीच्या बाबतीत मी हुशारी केली. रेलिंग पायरीपासून किती वर, हे ज्याचं त्याच्या उंचीवर असतं. हिची उंची माझ्या खांद्याएवढीही नाही. तिला सांगून माप घेतलं तर ती पाठ ताठ करून उभी राहते, म्हणून ती ओट्याशी पाठमोरी असताना मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर नजरेने घेतलं: एकोणतीस इंच. तिलाच लिहायला लावलं, आणि हे तुझंच माप आहे असं सांगितलं. तिने मान हलवली. चिठ्ठी मी स्वतः देणार होतो, पण लंगडत लंगडत तीच बघूसाहेबाच्या दुकानापर्यंत जाऊन आली. आज डावा पाय लंगडत होता. विचारलं तर म्हणाली, वात आहे, फिरतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

बघूसाहेब नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बघूसाहेब नाही. फोन केला तर म्हणे पॉलिश वाळतं आहे. दहा दिवस उरले.

वर जाताना हिचा हात माझ्या पाठीवर असतो. गुडघा दुखतो म्हणून आधार घेते बिचारी. आधार मात्र अजिबात जाणवत नाही, इतकी हलकी झाली आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बघूसाहेब भिंत बघायला आला आणि भानगड झाली. उतरताना उजवीकडची भिंत भक्कम विटांची आहे. डावीकडची आम्ही मागाहून घातलेली, आतून पोकळ. त्याने डावीकडे ड्रिल लावलं तर गिलाव्याचा पापुद्रा सुटून त्याच्या चपलेवर पडला. उजवीकडे लावलं तर स्क्रू असा बसला की काढताना त्याला घाम फुटला. झालं, उजवीकडे बसवा, मी म्हणालो. हिचा दुखरा पायही मुळात उजवाच. बघूसाहेब चक्क 'बघू' न म्हणता 'हो' म्हणाला.

ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "डावीकडेच बसवायचं."

मी समजावलं. बघूसाहेबाने भिंतीवर बोटाने टकटक करून पोकळ आवाज ऐकवला. डावीकडे बसवायचं तर आधी भिंतीला वरपासून खालपर्यंत फळी ठोकावी लागेल, फळीवर रेलिंग, म्हणजे आणखी आठवडा. लेकीची मुदत टळेल. मी म्हटलं, अगं, तुझ्याच हट्टापायी तुझं वर येणं बंद होईल, ते टेबल वर एकटं पडेल, मी खाली पडेन.

"म्हणूनच डावीकडे," ती म्हणाली. "मुदतीचं मी लेकीशी बोलते. फळी लावा, भाऊ."

मी लग्न झाल्यापासून हिला इतकं ठाम एकदाच पाहिलं आहे, दुकान घ्यायचं ठरलं तेव्हा. तेव्हा तिचं बरोबर निघालं होतं. पण या वेळी तिचं काय तर्कट आहे, माझ्या डोक्यात शिरत नाही. रागाने मी तिन्हीसांजेपर्यंत बोललो नाही. मग थेंब घालताना बोलावंच लागलं, कारण ती 'वर बघा' म्हणते आणि मी 'बघतोय' म्हणतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

लेक आली. मला वाटलं, डावी भिंत ऐकून ती आईला चांगलं सुनावेल. ती म्हणाली, आई म्हणते ते बरोबर आहे, आठवडा गेला तरी चालेल. दोघींचं गूळपीठ आहे. मी घरात अल्पमतात आहे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

फळी लागली. बघूसाहेबाने तीन दिवस पोकळ भिंतीत आडवे ठोकळे बसवून त्यांवर फळी अशी आवळली की मी लोंबकळून पाहिलं. हलली नाही. काम करताना माणूस एक शब्द बोलत नाही आणि मधूनमधून लाकडावर तळवा फिरवतो. मीही कापडावर फिरवतो. मला तो आवडायला लागला आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज माझी फजिती झाली. लपवून उपयोग नाही, लिहितो.

बघूसाहेब दांडा घेऊन आला. सुरेख झाला आहे, मधासारखा रंग. भिंतीला लावून पाहिला तर वर बरोबर, आणि खाली शेवटच्या पायरीच्या पुढे एक फूट लांब. जिना संपला तरी दांडा हॉलच्या भिंतीवर चाललेलाच. बघूसाहेबाने खिशातून चिठ्ठी काढली. "मास्तर, माप तुमचंच."

मग माझ्या लक्षात आलं. पन्नास वर्षांची सवय. लांबी म्हणताना मी शिवणीत दाबायचं आणि पुढेमागे सोडायचं म्हणून जादा धरूनच आकडा म्हणतो. कापड जादा असलं तर आत दुमडता येतं, कमी पडलं तर शिंप्याने तोंड दाखवायला जागा राहत नाही. लाकूड दुमडता येत नाही, हे माप म्हणताना डोक्यातच आलं नाही. श्वास घेणाऱ्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या होत्या मी त्याला. तो मात्र हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. "बघू, कापून टाकतो," म्हणाला आणि करवत काढली.

"कापू नका," ही म्हणाली. येऊन तो जादा फूटभर तुकडा तिने हाताने चाचपला, एकदा जिन्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "हे फार छान झालंय. असंच राहू दे."

माझी लाज राखली तिने. मी म्हटलं, ठीक, निदान त्याला टॉवेल टांगू, म्हणजे चूक उपयोगी पडेल. तर इतक्या करड्या आवाजात "तिथे काही टांगायचं नाही," म्हणाली की बघूसाहेबाने करवत पिशवीत ठेवली.

२८ फेब्रुवारी, शनिवार

बसलं एकदाचं रेलिंग. मुदतीच्या शेवटच्या दिवशी! पण आणखी एक घोळ. उंची पस्तीस इंच! एकोणतीस लिहायला सांगितलं होतं. हिने हात ठेवला तर बसमध्ये वरची कडी धरल्यासारखा दिसतो. बघूसाहेबाने पुन्हा तीच चिठ्ठी दाखवली. हिच्याच बारीक अक्षरात पस्तीस. मी भिंग लावून वाचलं. हिला विचारलं, तर म्हणे, मला उंच धरायलाच बरं वाटतं. मी डोक्याला हात लावला. दुसरा आपोआप रेलिंगवर गेला होता. पस्तीस इंच मला अगदी नेमकं येतं, पण माझा काय उपयोग.

१ मार्च, रविवार

लेकीची तपासणी. मी म्हणालो, आधी आईला चढू-उतरू दे, तिच्यासाठीच आहे. ही म्हणाली, मान तुमचा, आधी तुम्ही. मग मी चढलो आणि उतरलो. लेक खाली उभी होती आणि एकटक माझ्या पायांकडे बघत होती. मी काही तिला खाली मुद्दाम उडी मारून दाखवणार नव्हतो.

उतरताना एक गंमत कळली. चौदाव्या पायरीपाशी दांडा तिरपा असतो तो पुढच्या फूटभरात आडवा होतो. बघूसाहेबाने तो तुकडा सांधा करून सपाट बसवला आहे. त्यामुळे जिना संपला हे पायाच्या आधी हाताला कळतं. हात सपाट झाला की समजायचं, जमीन आली. मी हे शोधून काढल्याचं मोठ्याने सांगितलं. लेकीने एकदम मला मिठी मारली आणि म्हणाली, "पास, बाबा." मग स्वयंपाकघरात जाऊन दोघी बराच वेळ नळ सोडून भांडी घासत होत्या. भांडी तर सकाळीच घासून झाली होती.

हिची परीक्षा घ्यायचं सगळेच विसरले.

३ मार्च, मंगळवार

मी हिला आज बोललो. चहाचा ट्रे एका हातात, इस्त्रीचे कपडे दुसऱ्या हातावर, अशी ही वर आली. रेलिंगला बोट लावलं नाही. एवढा खटाटोप कोणासाठी केला मग? ती दारातच थबकली आणि म्हणाली, "विसरलेच हो." ट्रे ठेवून खाली गेली आणि रेलिंग धरून, लंगडत, पुन्हा वर आली. कोणता पाय ते मी आता विचारत नाही.

५ मार्च, गुरुवार

आज दुपारी बघूसाहेब आला. त्याला कामावर घालायला सदरा हवा आहे, पेन्सिलीला वेगळा खिसा असलेला. म्हणाला, मास्तर, माप तुम्ही घ्या, पण लांबी मी तपासणार. पहिल्यांदाच त्याला हसताना पाहिलं.

ही बाजारात गेली होती. मग आकडे मीच म्हणालो आणि मीच लिहायला बसलो. वही मागून उघडली. मागची बाजू हिची, मी तिकडे कधी जात नाही. भिंग लावलं आणि कोरं पान शोधायला लागलो. कोऱ्या पानाच्या आधीचं शेवटचं माप असं होतं. जसंच्या तसं उतरवतो:

'रेलिंग. गिऱ्हाईक: हे. मनगटाची उंची ३५. मूठ मोठी. उतरताना डावीकडे, तिकडचं दिसत नाही. शेवटची पायरी कळत नाही, २ तारखेला पडले. (पुढे एक फूट जादा आलंय, ते ठेवणे. कापू नये.) गिऱ्हाइकाला सांगू नये, टेबल सोडून खाली येईल पण धरणार नाही.'

आकडे सगळे बरोबर. माझं मनगट जमिनीपासून पस्तीस इंचांवर आहे. ते तिने कधी मोजलं, मला पत्ता नाही. मी ओट्याशी उभा नसतो, बहुतेक टेबलाशी कापत असताना मोजलं असेल. नजरेने माप घ्यायला मीच तिला शिकवलं होतं.

बघूसाहेब माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला विचारलं, तुम्हांला माहीत होतं? त्याने कानामागची पेन्सिल काढून पुन्हा तिथेच ठेवली. म्हणाला, "वहिनींनी पहिल्याच दिवशी दुकानात येऊन सांगितलं होतं, मास्तर. म्हणाल्या, माप त्यांना घेऊ द्या, तेवढंच बरं वाटेल." मग सदऱ्याची घाई नाही, बघू, असं म्हणून तो गेला.

मी टेबलाशी बसलो आणि मला रडू आलं. वाईट वाटून नाही. समोर उशीत बारा सुया होत्या, बाराही दोऱ्यांसकट. त्या किती वर्षांपासून ओवलेल्या असतात? सायकलीला धडकल्यापासून ती माझ्या डावीकडून चालते. माझ्या पाठीवरचा तिचा हात हलका लागायचा, कारण तो आधार घेत नव्हता. तिचं अक्षर बारीक झालेलं नाही. गुडघेही दोन्ही धडधाकट आहेत, देव करो आणि तसेच राहोत. महिनाभर ती माझ्यासाठी लंगडली, आणि मी तिलाच दोन वेळा रागावलो.

तेव्हा पहिल्या पानावरची दुरुस्ती इथे करतो. २ फेब्रुवारीला मी जिन्यावरून पडलो. पायरी बुटकी नाही. गवंड्याची माफी मागतो.

मग तिचं पान पुन्हा उघडलं. शेवटचा रकाना, ट्रायलचा, तिने रिकामा सोडला होता. तो भरायचा अधिकार तिचा नाही. पण नियम आहे, आधी अंगावर चढवून बघायचं. मी उठलो, खाली गेलो, वर आलो, पुन्हा खाली गेलो. डावा हात दांड्यावर ठेवून, सावकाश, शेवटी सपाट होईपर्यंत. एकदाही पायाने पायरी शोधावी लागली नाही. वर येऊन पेन घेतलं आणि त्या रकान्यात लिहिलं: 'बसलं.'

खालून दार वाजलं, ही आली. पिशव्या ठेवून जिन्याशी उभी राहून विचारत होती, थेंबांची वेळ झाली, वर आणू का? वही त्याच पानावर उघडी ठेवून मी म्हणालो, "नको, तू चढू नकोस. तुझा गुडघा दुखतो. मीच येतो खाली."